दोष शोधणे, दोष देणे

'निदान' हा शब्द आपण बायका दिवसातून किती वेळा उच्चारतो, मोजलं तर नवल वाटेल. "निदान पोचल्यावर फोन तरी करायचास." "निदान दोन घास तरी खाऊन जा." इथे निदान म्हणजे किमान, कमीत कमी. हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडी गेला की त्याचा अर्थ होतो रोगाचं मूळ ओळखणं. आणि प्रवचनाला बसणाऱ्या बायकांना त्याचा तिसरा अर्थही ठाऊक असतो. व्रत घेणाऱ्याच्या मनात रुतणारी तीन शल्यं सांगितली आहेत: माया, मिथ्यात्व आणि निदान. तिथे निदान म्हणजे व्रताच्या मोबदल्यात पुढे काय मिळावं हे आधीच मनाशी धरून ठेवणं. शल्य म्हणजे काटा. उपवास चालू असतो, जपमाळ फिरत असते, पण डोळा सगळा फळावर.

पहिले दोन अर्थ रोजचे, तिसरा देवळातला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच वरवर वाटतं. मला मात्र दुसरा आणि तिसरा अर्थ एकमेकांचे वैरी वाटतात. उत्तर काय निघावं हे ज्यानं आधीच मनाशी धरलंय, त्याला रोगाचं मूळ सापडत नाही. मग तो रोग शरीराचा असो, घराचा असो, नाहीतर गाडीचा असो. इथे मी गाडीचाच दाखला घेते. गाडी रुसत नाही, कुणाची बाजू घेत नाही, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून खोटंही बोलत नाही. त्यामुळे तिच्याभोवती जमलेली माणसं कशी वागतात ते स्वच्छ दिसतं.

आमच्या सीमाभागात, निपाणी-चिकोडी-संकेश्वरच्या पट्ट्यात, पिकअप म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ऊस ट्रॉलीतून कारखान्याला जातो, बाकी सगळं पिकअपमधून. कोबी, टोमॅटो, मिरची बेळगावच्या मार्केटला, येताना खताची पोती, लग्नसराईत कढया-पातेली, आणि वेळ आलीच तर दवाखान्याला न्यायचा पेशंटसुद्धा. गाडी पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी विकायचं नाव कुणी काढत नाही. गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलासारखी ती घरातलीच होऊन जाते.

अशी गाडी पहाटे वाटेत बंद पडली की नुसती गाडी बंद पडत नाही. सौदा चुकतो, माल शिळा होतो, दर उतरतो. तोट्याचा आकडा डोळ्यापुढं आला की माणसाला कारण नको असतं, कुणीतरी हवा असतो. धरायला.

आता थोडं गाडीच्या पोटातलं सांगते. कंटाळू नका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ मध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं. त्याच्या नावानंच आपण आज तेलाला डिझेल म्हणतो. या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा आत घेऊन ती साधारण विसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबायची. दाबल्यानं ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. हा फवारा मारणाऱ्या तोटीला आपल्याकडचे मिस्त्री नोझल म्हणतात. पिकअपला सहसा चार सिलिंडर, म्हणून नोझल चार. गाडी जागेवर उभी राहून हलकेच चालू असते, तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चौघांचे मिळून मिनिटाला १६०० स्फोट, सेकंदाला जवळजवळ २७. त्यांतला एक सिलिंडर जरी नीट पेटला नाही, तरी मिनिटाला ४०० ठोके चुकतात. गाडी थरथरते ती अशी. 'मिसिंग मारते' म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे हीच गाडी रस्त्याला लागली, रेस वाढवली, की बरी वाटते. वेग आला की फिरत्या चाकाचा जोर आणि बाकीचे तिघे मिळून चौथ्याची उणीव झाकून नेतात. उभ्या गाडीत झाकायला कुणी नसतं. म्हणून जाणता मिस्त्री गाडी पळवून बघण्याआधी उभी करून ऐकतो. लग्नघराच्या गडबडीत जावाजावांचं काय बिनसलंय ते कुणाला कळत नाही, मांडव उतरल्यावर कळतं. तसंच हे.

थरथरणं ही एक तक्रार, आणि चालता चालता बंद पडणं ही दुसरी. बंद पडण्याची कारणं तर कितीतरी. डिझेल फिल्टर तुंबलेला, डिझेलमध्ये पाणी, रबरी पाइपला बारीक चीर पडून आत हवा शिरलेली, जोडावरचे तांब्याचे वॉशर झिजलेले, टाकीच्या तळाशी जाळीवर कचरा येऊन बसलेला, पंपाकडे जाणारी वायर सैल. धुराचा रंगही काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त, पांढरा म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल, निळसर म्हणजे ऑईल जळतंय. पण रंग नुसती दिशा दाखवतो. लक्षण एक आणि कारणं दहा, अशी ही परिस्थिती. आणि जिथं कारणं दहा असतात, तिथं माणूस त्यातलं आपल्याला सोयीचं एक उचलतो.

हे मला नीट कळलं ते माझ्या चुलतभावाच्या घरी. मी माहेरी गेले होते, आणि घरात महिनाभर गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. झालं होतं असं. गाडी उभी असताना थरथरायला लागली होती. आरसा इतका हलायचा की मागची गाडी एकाच्या दोन दिसायची. जुनी गाडी, थरथरणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग हिशेबाच्या वहीत दिसलं की पूर्वी लिटरला १३ किलोमीटर जाणारी गाडी १२ वर आली आहे. चाळीस लिटर भरले की ५२० किलोमीटर व्हायचे, ते ४८० झाले. म्हणजे एका भरण्यामागे तीन लिटर डिझेल कमी पडत होतं.

तीन लिटर गेलं कुठं? भावानं प्रश्न विचारला आणि उत्तरही त्यानंच दिलं. गाडीवर अकरा वर्षं असलेला ड्रायव्हर. त्याच सुमाराला गावात दुसऱ्या कुणाचा तरी माणूस डिझेल काढून विकताना सापडला होता. हवेतच ती गोष्ट होती. भावानं बाजारातून टाकीला कुलपाचं झाकण आणून बसवलं आणि चावी देवघराच्या फळीवर ठेवली.

झाकण बसवून आठवडा झाला नाही तोवर गाडी वाटेत बंद पडू लागली. निपाणी सोडून तवंदी घाट चढायला लागलं की ओढ कमी व्हायची, आणि पाय उचलला की बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. ड्रायव्हर फोन करायचा, आणि इकडून ऐकून घ्यायचा, "तुला चहाची तल्लफ आली की गाडी बंद पडते होय रे?"

तीन गॅरेज झाली. एकानं डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्यानं पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला, त्यात बरेच हजार गेले. तिसऱ्यानं वायरिंग बदललं. हे लोक लबाड होते असं मी म्हणणार नाही. प्रत्येकानं आपल्याला जे येतं तेच दुखणं गाडीत बघितलं, आणि जे बघितलं ते बदललं. गाडी थरथरत राहिली, बंद पडत राहिली. शेवटी ड्रायव्हरला सांगण्यात आलं, थोडे दिवस येऊ नकोस. त्याच्या जागी नात्यातला एक मुलगा बसला. आठ दिवसांत गाडी त्याच्याही हातात दोनदा बंद पडली.

बायांनो, इथे थोडं थांबू या. माणूस बदलला आणि दोष तसाच राहिला. कुणालाही वाटेल, आता तरी त्या जुन्या ड्रायव्हरवरचा संशय गेला असेल. घरात काय म्हटलं गेलं माहिती आहे? "जाताना काहीतरी करून ठेवलंय त्यानं."

मला या वाक्याची फार भीती वाटते. ज्या पुराव्यानं माणूस सुटायला हवा, तोच पुरावा उलटून त्याच्या अंगावर घातला गेला. एकदा उत्तर मनात रुतून बसलं की असंच होतं. गाडी त्याच्या हातात बंद पडली तर तो निष्काळजी, दुसऱ्याच्या हातात पडली तर तो कपटी, आणि बंद पडलीच नसती तर म्हटलं असतं, बघा, तो गेल्यावर गाडी सुधारली. अशी कुठलीही घटना उरत नाही जिच्यानं तो निर्दोष ठरेल. ज्या आरोपातून सुटायला दारच ठेवलेलं नसतं, तो आरोप खरा की खोटा हे आरोप करणाऱ्यालासुद्धा कधी कळत नाही. सुनेवरचे, मोलकरणीवरचे, शाळेत मागे पडलेल्या पोरावरचे किती आरोप या जातीचे असतात, आपल्या आपण आठवून बघावं.

चौथा मिस्त्री निपाणीच्या बाहेरचा, वयस्क, फारसा न बोलणारा. त्यानं आधी पान्याला हात लावला नाही. नुसतं विचारत बसला. गाडी कधी बंद पडते? सकाळी की दुपारी? किती वेळ चालल्यावर? तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? बंद पडताना हिसके देते की झटकन बंद होते? आणि शेवटी, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीला नवीन काय बसवलंय?" भाऊ म्हणाला, काही नाही. झाकण हा गाडीचा भाग आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

मग मिस्त्री म्हणाला, "अण्णा, गाडी चालवणाऱ्याला बोलवा. दुखणं त्यालाच ठाव असतंय."

भावाच्या फार मनात नव्हतं, पण बोलावलं. ड्रायव्हर आला, लांबच उभा राहिला. विचारल्यावर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. टाकी फुल्ल केली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा. आणि बंद पडल्यावर टाकीजवळ कान नेला तर सूं सूं असा बारीक आवाज येतो. हे त्याला महिनाभर माहीत होतं. त्याला विचारलं कुणी नव्हतं. चौकशी त्याच्याबद्दल चालली होती, त्याच्याकडे नव्हे.

मिस्त्रीनं पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेतला, त्यात डिझेल भरलं आणि तो इंजिनाजवळ उंचावर बांधला. टाकीकडून येणारी नळी काढून कॅनमधली नळी जोडली, परत जाणाऱ्या डिझेलची नळीही कॅनमध्येच सोडली. आता टाकी वगळून गाडी चालणार. भावाला म्हणाला, घाटापर्यंत जाऊन येऊ. आले. गाडी एकदाही बंद पडली नाही. पण उभी केल्यावर थरथरत होतीच.

एवढ्याशा कॅननं केवढं काम केलं बघा. बंद पडण्याचं कारण कॅनच्या मागे, म्हणजे टाकी, जाळी, नळी, झाकण यांत कुठंतरी. थरथरण्याचं कारण कॅनच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. महिनाभर सगळे एका दोषाच्या मागे धावत होते, आणि दोष होते दोन. आपल्याला एकच गुन्हेगार हवा असतो, तो सापडला की जीव शांत होतो. पण एका घरात दोन दुखणी एकदम असू शकतात, एका संसारात चार.

मग त्यानं नळ्या पहिल्यासारख्या जोडल्या, टाकीचं झाकण सैल केलं, वर फडकं बांधलं आणि पुन्हा घाट. बंद पडली नाही. मी आणि वहिनी अंगणात उभ्या होतो. आम्हाला कळेना, झाकणानं गाडी कशी बंद पडेल? तो वहिनीला म्हणाला, "अक्का, तेलाच्या डब्याला भोक पाडताना दोन का पाडताय?"

दोघींच्याही डोक्यात उजेड पडला. पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि मग थांबतं. आत हवा जायला समोरच्या कडेला दुसरं भोक लागतंच. टाकीचंही तेच. डिझेल बाहेर ओढलं जातं तेवढी हवा आत यायला हवी. गाडीच्या मूळच्या झाकणात त्यासाठी बारीक वाट असते. बाजारातून आणलेल्या कुलपाच्या झाकणाला ती नव्हती. टाकी काठोकाठ असली की वरची हवेची जागा अगदी थोडी, त्यामुळे चार लिटर डिझेल गेलं तरी आतला दाब एकदम उतरायचा आणि पंपाला ओढून घेणं जड व्हायचं. टाकी अर्धी असली की आतली हवा जास्त, म्हणून उशीर लागायचा. उभं राहिल्यावर कुठल्या तरी फटीतून हळूहळू हवा शिरायची. सूं सूं आवाज तो. पंधरा मिनिटांत टाकीचा श्वास परत यायचा, तेवढ्यात ड्रायव्हरचा चहा व्हायचा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. झाकण सैल करून गाडी बंद पडली नाही, तरी मिस्त्रीनं तेच झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि गाडी तिसऱ्यांदा घाटाकडे घेतली. भाऊ वैतागला, "सापडलं न्हवं आता, मग परत कशाला?" तो म्हणाला, "सापडलं असं वाटायलंय, अण्णा. खरंच सापडलंय का बघूया." गाडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. तेव्हा कुठं तो हसला.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच अंगं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यातलं उपशय मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसत्या लक्षणांवरून रोग ठरत नसेल, तेव्हा एखादं औषध, एखादं पथ्य देऊन बघायचं, आणि आराम पडतो की नाही यावरून रोग ओळखायचा. मिस्त्रीनं केलं ते हेच. तुम्ही म्हणाल, आधीच्या तिघांनीही काहीतरी करूनच बघितलं होतं. खरं आहे. पण त्यांनी बदललं ते कायमचं बदललं, आणि बदलल्यावर गाडीनं काय केलं म्हणजे आपण चुकलो ठरू, हे आधी ठरवलं नव्हतं. यानं एका वेळी एकच गोष्ट हलवली. गाडी चालली तर त्याचा अर्थ काय आणि बंद पडली तर अर्थ काय, हे दोन्ही त्याला जायच्या आधी ठाऊक होतं. दोन्ही उत्तरांना त्याच्याकडे सारखी जागा होती.

काट्यासारखं रुतणारं निदान आणि खरं निदान यांत फरक आहे तो इथे. आपल्याला हवं ते उत्तर आधी ठरवणं हा काटा. कुठल्या उत्तराचा काय अर्थ घ्यायचा हे आधी ठरवणं ही सचोटी. एकात आपण स्वतःला वाचवत असतो, दुसऱ्यात स्वतःला पणाला लावतो.

थरथरण्याचं कारण सापडायला मग अर्धा तास लागला. गाडी जागेवर चालू ठेवून त्यानं एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करून पुन्हा आवळला. नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, म्हणून इंजिनाचा आवाज आणखी बिघडायला हवा. बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. पहिला बिघडला, दुसरा बिघडला, चौथा बिघडला. तिसऱ्याला काहीच फरक पडला नाही. जो आधीच काम करत नव्हता, त्याला काढून काय फरक पडणार? (हे घरी कुणी करून बघू नये. त्या नळीतल्या डिझेलचा दाब इतका असतो की फवारा कातडीतून आत शिरू शकतो. त्यानं फडकं धरून, हात लांब ठेवून केलं.) तिसरं नोझल काढून तपासलं. साडीवर इस्त्रीआधी पाण्याचा मारतो तसा बारीक फवारा यायला हवा, त्याऐवजी ते नळासारखं ठिबकत होतं. ठिबकलेलं डिझेल नीट जळत नाही, धुरातून निघून जातं. लिटरमागे कमी झालेला तो एक किलोमीटर तिथं गेला होता.

साखळी आता तुमच्याही लक्षात आली असेल. नोझल बिघडलं, म्हणून डिझेल जास्त लागलं. डिझेल जास्त लागलं, म्हणून माणसावर संशय आला. संशय आला, म्हणून टाकीला कुलूप बसलं. कुलूप बसलं, म्हणून गाडी बंद पडली. गाडी बंद पडली, म्हणून तो माणूस घरी बसला. पहिला दोष लोखंडाचा होता. पुढचे सगळे संशयानं तयार केलेले. आणि गाडीचा श्वास कोंडला तो चोरी थांबवायला आणलेल्या वस्तूनं.

अशा वेळी आपल्यातलं कुणीतरी अनेकांताची आठवण काढतं. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. अनेकांत म्हणजे सगळ्यांची समजूत काढणं नव्हे. 'अमुक अपेक्षेनं हे खरं' असं म्हणायचं, तर ती अपेक्षा कुठली हे नेमकं सांगावं लागतं. नोझलमध्ये दोष आहे हे थरथरण्याच्या अपेक्षेनं खरं, बंद पडण्याच्या अपेक्षेनं खोटं. झाकणाचं त्याच्या उलट. आणि ड्रायव्हरनं डिझेल चोरलं, हे कुठल्याच अपेक्षेनं खरं नव्हतं. 'त्याचंही थोडं चुकलंच असेल' असं म्हणून मधला मार्ग काढणं हा अनेकांत नाही, ती नुसती भिडस्तपणाची तडजोड आहे. तिच्यात निर्दोष माणसाच्या वाट्याला अर्धा दोष जातो.

नवं नोझल बसलं, जुनं झाकण परत आलं. गाडी आता उभी असताना आरशात मागचं एकच दिसतं. ड्रायव्हरला निरोप गेला, "उद्यापासून ये." तो आला. झाल्या गोष्टीबद्दल कुणी काही बोललं नाही. पण वहिनीनं मला नंतर सांगितलं, तो आता खिशात छोटी वही ठेवतो. डिझेल भरलं की लिटर, किलोमीटर, तारीख लिहितो आणि महिनाअखेरीला ती वही देवघराच्या फळीवर आणून ठेवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. अकरा वर्षांत त्यानं कधी असं केलं नव्हतं.

ती वही मला अस्वस्थ करते. गाडीचं आणि माणसाचं इथे वेगळं पडतं. नोझलवर उगाच आळ घेतला असता तर ते काही मनात धरून बसलं नसतं. खरं कारण सापडलं की यंत्राचा खटला तिथंच मिटतो. माणसाचा मिटत नाही. त्याला 'तू केलं नव्हतंस' हे कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं, आणि आरोप करणाऱ्यानंच सांगावं लागतं. मी किंवा वहिनीनं म्हणून भागत नाही, कारण आरोप आम्ही केला नव्हता. ज्या अंगणात, ज्या चार माणसांदेखत संशय बोलला गेला, तिथंच तो मागे घ्यावा लागतो. पगार चालू करणं म्हणजे आरोप मागे घेणं नव्हे. आपण मात्र बहुतेक वेळा पगार चालू करतो, चहा थोडा जास्त साखरेचा देतो, आणि फिटलं असं समजतो.

घर चालवणाऱ्या बाईला दोष शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. दूध नासलं, हिशेब जुळला नाही, पोरगं गप्प झालं, कारण शोधावंच लागतं. कुणालाच काही विचारू नये, सगळ्यावर पांघरूण घालावं, असं मी म्हणत नाही. पांघरूण घातलेलं नोझल ठिबकतच राहतं. पण शोधताना काही गोष्टी त्या मिस्त्रीकडून उसन्या घ्याव्यात. 'कुणी केलं' याच्या आधी 'कधीपासून' विचारावं. नवीन काय झालं ते विचारावं, आणि त्यात आपण स्वतः केलेलं नवीन काय, तेही मोजावं. ज्याच्यावर बोट आहे त्यालाच आधी बोलवून, बसवून, विचारावं. आणि एक प्रश्न स्वतःला: काय दिसलं तर मी माझं मत बदलीन? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपण दोष शोधत नाही आहोत, नुसता देत आहोत.

एवढं सगळं दर वेळी जमेल असं नाही. निदान, ज्याचा दोष नव्हता हे कळलं आहे, त्याला त्याच दिवशी तसं सांगावं.